'काउंटरफिट' आणि 'पायरेटेड' : दोन्हीला 'बनावट' म्हणून भागेल का?

बोरू :
एका अभ्यासगटासाठी ट्रिप्स कराराच्या (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा करार) अंमलबजावणीच्या भागाचं, म्हणजे कलम ४१ ते ६१ चं मराठी करतेय. कलम ५१ खाली चौदावी तळटीप आहे, तिच्यात दोन प्रकारच्या मालाची व्याख्या दिलीय. काउंटरफिट ट्रेडमार्क माल म्हणजे दुसऱ्याचं नोंदवलेलं चिन्ह, किंवा त्याच्यापासून वेगळं ओळखताच येणार नाही असं चिन्ह, परवानगी नसताना लावलेला माल, वेष्टनासकट. आणि पायरेटेड कॉपीराइट माल म्हणजे हक्कधारकाच्या संमतीशिवाय काढलेल्या प्रती. मी पहिल्याला 'बनावट' आणि दुसऱ्याला 'चोरटा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे 'बनावट' केलं, का तर वाचकाला हा फरक समजत नाही. इथपर्यंत एक वेळ ठीक, पण पुढे २००८ मधे नेदरलँड्समधे अडकलेल्या भारतीय औषधांचा परिच्छेद आहे, तिथेही 'बनावट औषधे' करून टाकलं. हे मला अजिबात मान्य नाही पण त्यांना पटेल असा शब्दही सुचत नाहीये. तुम्ही काय लिहाल?

पानगळ :
सरळ 'नकली' लिहा. नकली औषधं, नकली घड्याळं, नकली सॉफ्टवेअर, सगळीकडे बसतो आणि कुणाला शब्दकोश उघडावा लागत नाही.

मोडीवाचक :
नकलीला माझा विरोध आहे. जुन्या दस्तांवर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा असतो, म्हणजे मुळाप्रमाणे उतरवलेली, अधिकाऱ्याने तपासलेली प्रत. नक्कल ही चांगली प्रामाणिक गोष्ट आहे, मूळ अरबी नक्ल, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. तिला 'ली' लावून हिंदीने खोटेपणा चिकटवला आणि आपण तो तसाच उचलला. 'बनावट'चं नेमकं उलटं, हिंदीत बनावट म्हणजे घडण, रचना, त्यात वाईट असेलच असं नाही, मराठीत मात्र बनावट म्हणजे खोटं रचलेलं, बनावट पुरावा, बनावट सही. त्यामुळे मराठीत बनावट म्हटलं की फसवण्याचा हेतू आलाच. म्हणूनच तो जपून वापरायला हवा.

तळटीप :
मोडीवाचकांशी सहमत, आणि कायद्याच्या बाजूने भर घालते. १८६० च्या (२०२४ पर्यंत लागू असलेल्या) भारतीय दंड संहितेचं कलम २८ बघा, काउंटरफिट करणं म्हणजे एक वस्तू दुसरीसारखी दिसेल अशी करणं, त्या सारखेपणाने फसवायच्या हेतूने. सारखेपणा अधिक फसवणूक, दोन्ही लागतं. पेटंटभंगात हे नसतं. मी तुमचं पेटंट असलेलं रसायन बनवलं आणि स्वतःच्या नावाने उघड विकलं तर तो पेटंटचा भंग होईल, पण मी कुणालाही फसवलेलं नाही.

आता ती औषधं. रक्तदाबाच्या लोसार्टानचा कच्चा माल भारतातून ब्राझीलला चालला होता, वाटेत नेदरलँड्समधे विमान बदलायचं होतं. पेटंट नेदरलँड्समधे चालू होतं, भारतात आणि ब्राझीलमधे नव्हतं. म्हणजे जिथे बनलं तिथे कायदेशीर आणि जिथे जायचं तिथेही कायदेशीर. युरोपच्या २००३ च्या सीमाशुल्क नियमात पेटंटच्या संशयावरूनही माल अडवायची सोय होती, तिच्या जोरावर तो महिन्याहून जास्त अडवला आणि शेवटी भारतात परत आला. मे २०१० मधे भारत आणि ब्राझील दोघेही जागतिक व्यापार संघटनेत गेले. अशा औषधाला 'बनावट' म्हणणं म्हणजे एका देशाने दुसऱ्यावर केलेला आरोप भाषांतरकाराने परस्पर सिद्ध करून देणं. बोरू, ह्या परिच्छेदात माघार घेऊ नका.

सरळरेषा :
तत्त्व पटलं, पण वाचणारा माणूस तळटीप १४ वाचत नाही हेही खरं. बोलताना आपण डुप्लिकेट म्हणतो, बोगस म्हणतो, फर्स्ट कॉपी म्हणतो, पुस्तक असो घड्याळ असो कुणी थांबून विचार करत नाही की हे चिन्हाचं का प्रतीचं. रूढ शब्द सोडून व्याख्येला चिकटलं की भाषांतर कुणी वाचत नाही. माझं मत 'डुप्लिकेट'ला आहे.

तळटीप :
बोलण्यात डुप्लिकेट म्हणा, हरकत नाही. पण करारात ह्या दोन शब्दांवर काय अवलंबून आहे ते बघा. कलम ५१ प्रमाणे सीमेवर माल थांबवायची सोय देणं देशांना बंधनकारक आहे ते ह्या दोनच प्रकारांसाठी, पेटंटभंगासाठी नाही. कलम ६१ ची फौजदारी कारवाईही ह्या दोघांपुरतीच, तीही जाणूनबुजून आणि व्यापारी प्रमाणावर केलं तर. म्हणजे 'बनावट'चं कुंपण जरा रुंद केलं की देशांवरचं बंधन रुंद होतं. केनियाने २००८ मधे बनावट मालविरोधी कायदा केला, त्यातली व्याख्या इतकी सैल होती की जेनेरिक औषधंही तिच्यात येतील अशी भीती होती. एचआयव्हीची औषधं घेणारे रुग्ण कोर्टात गेले आणि एप्रिल २०१२ मधे नैरोबीच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका व्याख्येपायी माणसांची रोजची गोळी बंद होऊ शकत होती. जागतिक आरोग्य संघटनेतही ह्या शब्दावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं, शेवटी २०१७ मधे काउंटरफिट सोडून 'कमी दर्जाची आणि खोटी' असे दोन वेगळे गट केले. म्हणून मी एवढी हट्टाने लिहितेय.

बोरू :
हे सगळं जसंच्या तसं त्यांना पाठवते. 'खोटी औषधं' हा प्रयोग आवडला, खोटं नाणं आहेच मराठीत.

गोदीकर :
मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात खूप वर्षं आहे, मला वेगळंच खटकलं. बोरू म्हणतात माल 'अडकला', तळटीप म्हणतात 'अडवला', बातम्यांमधे 'जप्त' वाचलेलं आठवतं. आमच्याकडे हे तीन वेगळे प्रकार. अडकला म्हणजे कागद अपुरे, कुणाचा दोष ते नक्की नाही. डिटेन केला म्हणजे अधिकाऱ्याने रोखून धरला, चौकशी चालू, सुटू शकतो. सीझ केला तो जप्त. डिटेन झालेल्या मालाला बाहेर कुणी जप्त म्हटलं की समोरच्या देशातला खरेदीदार घाबरून ऑर्डर रद्द करतो, आमच्या एका पार्टीची अशी मोठी ऑर्डर गेलेली मी स्वतः पाहिलीय, आणि माल नंतर एकही शेरा न बसता सुटला. लोसार्टान परत आलं म्हणजे ते रोखून धरलेलं होतं, जप्त नव्हतं. तेवढं नक्की लिहा.

आणि २००९ चं फ्रँकफर्टचं प्रकरणही टाका. भारतातून वानुआतूला जाणाऱ्या ॲमॉक्सिसिलिनच्या गोळ्या, तीस लाखांवर, तिथल्या सीमाशुल्कवाल्यांनी थांबवल्या कारण नाव 'ॲमॉक्सिल' ह्या ब्रँडसारखं वाटलं. ॲमॉक्सिसिलिन हे औषधाचंच नाव हो, जगभर कुणीही छापू शकतं असं. चार आठवडे गेले आणि शेवटी ब्रँडच्या मालकानेच सांगितलं की भंग नाही म्हणून. चार आठवडे एखाद्या बेटावरच्या दवाखान्यात अँटिबायोटिक पोचत नाही ह्याचा विचार करा.

मोडीवाचक :
फ्रँकफर्टवरून एक शब्द सुचला, तोतया. मराठीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, भाऊसाहेबांच्या तोतयापासून आपल्याला माहीत आहे की तोतया म्हणजे दुसऱ्याचं नाव धारण करून त्याच्या जागेवर हक्क सांगणारा. कायद्याच्या मराठीतही 'तोतयेगिरी' आहे. काउंटरफिट ट्रेडमार्क माल हा अक्षरशः तोतया माल, दुसऱ्याचं नाव लावून आलेला. पायरेटेड प्रत मात्र नाव बदलत नाही, पुस्तक त्याच लेखकाचं, आतला मजकूर तोच, फक्त परवानगी नाही, म्हणून ती चोरटी. आणि स्वतःच्या नावाने येणारं जेनेरिक दोन्हीत बसत नाही. तोतया माल, चोरट्या प्रती. तीन गोष्टी आपोआप वेगळ्या पडतात.

पानगळ :
तोतया फार सुंदर! माझं नकली मागे घेते.

सरळरेषा :
सुंदर आहे पण तोतया माणूस असतो. 'तोतया चप्पल' कुणी म्हणेल का? शब्द सुचणं वेगळं आणि तो लोकांच्या तोंडी बसणं वेगळं.

तळटीप :
मला दुसरीच अडचण दिसते. नाव हाच तोतयेपणा असेल तर नाव काढलं की माल निर्दोष व्हायला हवा. चीनचं तेच म्हणणं होतं. एप्रिल २००७ मधे अमेरिकेने चीनविरुद्ध तक्रार केली, त्यातला एक मुद्दा असा की चीनचे सीमाशुल्कवाले पकडलेल्या मालावरचं चिन्ह काढून तो लिलावात विकू शकत होते. करार म्हणतो, अपवाद सोडले तर नुसतं चिन्ह काढणं पुरेसं नाही. जानेवारी २००९ च्या अहवालात व्यापार संघटनेच्या पॅनेलने (वाद ऐकायला नेमलेल्या मंडळाने) त्यावर चीनला चूक ठरवलं. म्हणजे कराराच्या मते खोटेपणा चिन्हाबरोबर गळून पडत नाही.

मोडीवाचक :
तोतयाची पगडी उतरवली म्हणून त्याला सोडून देत नाहीत, गुन्हा घडून गेलेला असतो. उलट माझाच मुद्दा पक्का झाला.

गोदीकर :
चिन्ह काढलेला माल परत बाजारात आला की दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तेच चिन्ह लागतं, हे व्यवहारातलं कारण. शब्दाशी त्याचा संबंध नाही.

बोरू :
त्याच अहवालात 'व्यापारी प्रमाणावर' ह्या दोन शब्दांवर केवढा खल झालाय. चीनमधे पाचशे प्रतींच्या खाली फौजदारी खटला होत नसे, अमेरिका म्हणे ही मर्यादाच करारभंग. पॅनेलने शब्दकोश काढले आणि ठरवलं की व्यापारी प्रमाण म्हणजे ठरावीक आकडा नाही, त्या वस्तूचा त्या बाजारात नेहमीचा व्यापार जेवढा तेवढं. मग अमेरिकेला चीनच्या बाजाराचा पुरेसा पुरावा देता आला नाही आणि तो मुद्दा पडला. तपासणाऱ्यांनी इथेही 'मोठ्या प्रमाणावर' केलंय! मोठं आणि व्यापारी एक नाही, हीच तर सगळी केस.

स्वभाषा :
इतका वेळ वाचतोय. सगळे 'बनावट'वर भांडताय पण कराराच्या ह्या भागाच्या शीर्षकातल्या 'अंमलबजावणी'कडे (एन्फोर्समेंट) कुणाचं लक्ष नाही. अंमल अरबी, बजावणी फारसी 'बजा' वरून. एवढा करार मराठीत आणताय तर 'प्रवर्तन' वापरा, स्वच्छ शब्द आहे.

सरळरेषा :
प्रवर्तन ऐकल्यावर मला कंपनीचे प्रवर्तक आठवतात. चारशे वर्षं मराठीत रुळलेला शब्द परका कसा? बजावून सांगणे, समन्स बजावणे, कर्तव्य बजावणे, ह्यातलं काय काय टाकणार?

पानगळ :
ईडीला मराठी वर्तमानपत्रं 'सक्तवसुली संचालनालय' म्हणतात, तिथे तोच एन्फोर्समेंट आहे ना?

स्वभाषा :
तो शब्द तर अर्थानेच चुकीचा, वसुली पैशाची होते. त्याची भलामण मी केलेली नाही. पण रुळला म्हणून आपला, हे मान्य केलं तर भाषेत ठरवून काही घडवायलाच नको. व्यापारचिन्ह, स्वामित्वहक्क, बौद्धिक संपदा हे शब्द कुणीतरी बसून घडवले म्हणूनच आज तुम्ही ही चर्चा मराठीत करू शकताय.

तळटीप :
हा मुद्दा मोलाचा आहे. पण अंमलबजावणीची खरी अडचण तिच्या मुळात नसून पुढे कोणता शब्द येतो त्यात आहे. कायद्याची अंमलबजावणी बरोबर. हक्कांची अंमलबजावणी? मराठीत हक्क 'बजावतात', मतदानाचा हक्क बजावला म्हणजे स्वतः वापरला. इथे अर्थ असा की दुसऱ्याने तो मोडला तर त्याला रोखणं. आणि कराराच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की हे खाजगी हक्क आहेत. मग बजावायचे कुणी, मालकाने का सरकारने?

हा फरक कतार-सौदी प्रकरणात अगदी उघडा पडतो. २०१७ मधे संबंध तुटल्यावर कतारच्या बीइन वाहिनीचं प्रक्षेपण 'बीआउटक्यू' नावाने चोरून दाखवायला लागले. सौदीत परिस्थिती अशी केली गेली की बीइनला दावा लावायला वकीलच मिळेना. आणि वेगळा मुद्दा म्हणजे सौदी सरकारने चोरी करणाऱ्यांवर फौजदारी कारवाईही केली नाही. जून २०२० मधे पॅनेलने दोन्ही वेगवेगळे तोलले. वकील न मिळू देण्याला राष्ट्रीय सुरक्षेचं कारण मान्य केलं, पण खटला न भरण्याला नाही, कारण चोरांवर खटला भरल्याने सौदीला कतारशी संबंध ठेवावे लागत नव्हते. पहिल्यात मालकाला हक्क बजावू दिला नाही, दुसऱ्यात सरकारने कायद्याचा अंमल केला नाही. मराठीत आपण दोन्हीला 'अंमलबजावणी' म्हणून मोकळे होतो.

स्वभाषा :
मग दुसऱ्याला 'प्रवर्तन' आणि पहिल्याला 'बजावणी' असं करता येईल. तुम्हीच जागा मोकळी करून दिलीत.

मोडीवाचक :
'हक्करक्षण' का नको? करारात मुळात तेच चाललंय.

तळटीप :
रक्षण वेगळं. हक्क कुठला, किती वर्षांचा, हे ठरवणं म्हणजे संरक्षण, ते कराराच्या दुसऱ्या भागात येतं, एन्फोर्समेंट तिसऱ्या भागात. भारतावर १९९६ मधे अमेरिकेने केलेली तक्रार पहिल्या प्रकारची होती, औषधं आणि शेतीरसायनांच्या पेटंट अर्जांसाठी नीट सोय नाही म्हणून. चीनवरची मुख्यतः दुसऱ्या प्रकारची, हक्क मोडणाऱ्यांवर कारवाई करायचे नियमच अपुरे आहेत म्हणून. दोन्ही एका शब्दात घातलं तर वाचकाला वाटेल भारत आणि चीनवर एकच आरोप होता.

सरळरेषा :
तरी पेपरात लोक अंमलबजावणीच लिहिणार.

स्वभाषा :
पेपरात लिहिणारेही कुणाचंतरी वाचूनच लिहितात.

गोदीकर :
बोरू, एक राहिलं. भारत-युरोप वाद निकालापर्यंत गेला नाही, जुलै २०११ मधे समझोता झाला की नुसतं वाटेवर असलेलं जेनेरिक औषध अडवायचं नाही, युरोपच्या बाजारात वळवलं जाईल असा पुरेसा पुरावा असला तरच. नियम नंतर २०१३ मधे बदलला. तिथे 'निकाल' किंवा 'निवाडा' लिहू नका, समझोताच लिहा. आणि 'ट्रान्झिट'ला काय घेतलंय? आमच्यात सगळे ट्रान्झिटच म्हणतात.

बोरू :
'मार्गस्थ माल' घेतलंय.

सरळरेषा :
मार्गस्थ म्हणजे निघालेला, वाटेला लागलेला. तिसऱ्या देशातून नुसता जाणारा असा अर्थ त्यात कुठे येतो?