थरच्या वाळवंटात रात्रंदिवस फोटोग्राफी: कोणती तिथी धरावी?

परभणीकर
नमस्कार मंडळी. परभणीहून चौघं जैसलमेरला निघतोय, मुक्काम ३ रात्री. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ किट लेन्स, ११-१६ एफ २.८ ची वाइड लेन्स आणि साधा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आहे. दिवसा वाळूच्या टेकड्या, रात्री आकाशगंगा. डिसेंबरच्या सुट्टीत जमेल का? टेकड्यांसाठी सम गाव बरं की खुडी? आणि वाळूपासून सामान कसं जपायचं?

देवगिरी_रात्र
डिसेंबर सोडा. त्या महिन्यात सूर्यच धनू राशीच्या बाजूला असतो, त्यामुळे आकाशगंगेचा भरगच्च गाभा त्याच्याबरोबर उगवतो आणि मावळतो. मृग झकास दिसेल, पण तुम्हाला हवा तो पट्टा नाही.

कॅलेंडरात दोन जागा बघा. महाशिवरात्रीपासून अमावस्येपर्यंत चंद्राची कोर जेमतेम पहाटे उगवते. गाभा साधारण सव्वाचार ते साडेपाच मिळतो. गुढीपाडव्याच्या आदली अमावस्या धरली तर अडीच ते पाच, म्हणजे दुप्पट वेळ. मात्र पाडवा एप्रिलमध्ये गेला असेल तर ऊन आणि धूळ दोन्ही वाढतात. दिवाळीच्या अमावस्येला गाभा संध्याकाळी नैऋत्येला तासभर टेकलेला असतो, आणि गर्दी विचारू नका.

जागा खुडी. गाभा आग्नेयेला उगवतो. सम जैसलमेरच्या पश्चिमेला ४० किलोमीटरवर, म्हणजे शहराचा उजेड पूर्वेला, नेमका चौकटीच्या कडेला येतो. वर तंबूंचे दिवे आणि गाणीबजावणी. खुडी शहराच्या नैऋत्येला असल्यामुळे तो उजेड ईशान्येला, म्हणजे डावीकडे चौकटीबाहेर राहतो.

सेटिंग: ११ मिमी, एफ २.८, आयएसओ ३२००, २० सेकंद. तारे ठिपक्यासारखे राहावेत यासाठीच्या पाचशेच्या नियमाने (११ गुणिले क्रॉप सेन्सरचे १.५, आणि त्या गुणाकाराने ५०० ला भागायचं) ३० सेकंद येतात, पण २४ मेगापिक्सेलवर कडेचे तारे लांबट होतात. फोकससाठी आग्नेयेची तांबूस ज्येष्ठा लाइव्ह व्ह्यूत १० पट मोठी करा, हाताने जुळवा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका.

लातूरची_लेन्स
सामानाचं सांगते. गोदावरीची वाळू जाड, झटकली की पडते. थरची बारीक, ट्रायपॉडच्या लॉकमध्ये शिरली की पाय करकरतात. म्हणून सर्वांत खालचा टप्पा आधी उघडा, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतं. खालच्या भागावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवून रबर लावा. पाय खचू नयेत म्हणून भाकरीएवढ्या प्लायच्या तीन चकत्या न्या.

किट लेन्स झूम करताना हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर धूळही. वारा असताना झूम एका जागी ठेवा. लेन्स बदलायची ती खोलीत किंवा गाडीच्या काचा लावून. काच पुसण्याआधी ब्लोअर, मग ब्रश, कापड शेवटी. हा क्रम चुकला की वाळूचा कण कापडाखाली येतो आणि कोटिंगवर ओरखडा पडतो.

दिवसा वाळू चमकते, कॅमेऱ्याचा प्रकाशमीटर फसतो आणि फोटो मळकट येतो. एक्स्पोजर अधिक ०.७ ते १ स्टॉप द्या, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत. वाळूच्या लहरी सूर्य उगवल्यावर पहिल्या तासातच, आणि त्याही पायवाटा उमटायच्या आत. तिकडे सूर्य परभणीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा उगवतो, गजर त्या हिशेबाने लावा. दुपार वाळूत घालवण्यात अर्थ नाही, कुलधरा हे ओसाड गाव नाहीतर जैसलमेरचा किल्ला करा.

पण देवगिरीदादा, अमावस्येचा हट्ट कशाला? काळ्या रात्री टेकडी नुसती काळी रेघ दिसते. होळीच्या आठवडाभर आधीची शुक्ल सप्तमी-अष्टमी बघा. अकरानंतर अर्धा चंद्र पश्चिमेला उतरत जातो, आडव्या उजेडात लहरींना सावल्या पडतात: एफ २.८, आयएसओ १६००, २० सेकंद. एक-दीडला चंद्र मावळला की ट्रायपॉड तसाच ठेवून गाभा वर यायची वाट पाहायची.

देवगिरी_रात्र
पटलं. ३ रात्रींत दोन्ही हवं असेल तर हेच बरं. चंद्रउजेडातली टेकडी आणि गाभा अशा दोन फ्रेम नंतर जोडायच्या असतील तर मधे फोकस हलवू नका.

परभणीकर
ताई, दादा, आभार. मग होळीआधीचंच बघतो. ड्रोन न्यावा का?

लातूरची_लेन्स
घरी ठेवा. सीमेवरचा जिल्हा, वायुदलाचा तळ, वर डेझर्ट नॅशनल पार्क. त्याऐवजी दोन जादा बॅटऱ्या घ्या आणि आतल्या खिशात ठेवा, थंडीत लवकर उतरतात. गार कॅमेरा उबदार खोलीत नेताना बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव बसतं. अंधारात घोट्यावर येणारे बूट घाला आणि पायापुढे टॉर्च धरा. फुरसं (विषारी साप) तिकडेही असतं.