मदत हवी आहे : हजेरीच्या सह्या तक्रारअर्जाला जोडल्या गेल्या, आता पुढची सभा कशी घ्यावी?

नमस्कार.

कोल्हापुरात जयंती नाल्यालगत आमची ४२ घरांची कॉलनी आहे. तिच्या दोन गल्ल्या आहेत, वरची आणि खालची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पुढे गेली की नाल्याला फूग येते आणि पाणी उलटे फिरून खालच्या गल्लीत शिरते. वरच्या गल्लीत ते आजवर आलेले नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत खालची माणसे वरच्यांच्या घरी राहिली, जेवली. दोन्ही गल्ल्यांत वैर नाही हे आधीच सांगतो, कारण पुढचा मजकूर वाचून तसा समज होण्याची शक्यता आहे.

मी कॉलनीच्या रहिवासी मंडळाचा चिटणीस आहे. मंडळ नोंदणीकृत नाही. वर्गणी, गणेशोत्सव आणि अडीअडचणीला एकत्र येणे एवढेच त्याचे स्वरूप आहे. नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षे महापालिकेत प्रशासक असल्याने, ज्याला हक्काने हाक मारावी असा नगरसेवकच उरला नव्हता, आणि त्या काळात अर्ज लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

यंदा वळवाच्या एकाच पावसात, नदीला पूर नसताना, खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचले. वरच्या अंगाच्या एका मोकळ्या प्लॉटवर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा टाकून भराव केला आहे, आणि त्यात कडेची जुनी चर बुजली आहे. त्यानंतरच्या रविवारी देवळाच्या मंडपात सभा बोलावली. २६ जण आले. पहिला दीड तास नळाच्या दाबावर (२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहराच्या पुईखडी जलशुद्धीकरण केंद्रात आले, तरी आमच्या टोकाला धार करंगळीएवढीच का, यावर), घंटागाडीच्या वेळेवर आणि स्पीडब्रेकर कुणाच्या दारासमोर नको यावर गेला. भरावाचा विषय निघाला तेव्हा लोक चपला शोधत होते. कुणीतरी "अर्ज देऊन टाका" म्हणाले, दोन-चार आवाज "द्या, द्या" असे आले, आणि मी तो सभेचा ठराव समजलो.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी पुन्हा दारोदार फिरण्याऐवजी हजेरीच्या पानाची झेरॉक्स जोडली. झेरॉक्स काढताना वरची 'उपस्थिती' ही ओळ कापली गेली. मी ती मुद्दाम कापली नाही, पण ती कापली गेली आहे हे अर्ज देताना माझ्या लक्षात आले होते आणि तरीही मी तो दिला.

पाहणी झाली तेव्हा प्लॉटमालकांनी तो अर्ज वाचला. ते आमच्या वरच्या गल्लीतील एका ज्येष्ठ सभासदांचे मेहुणे आहेत आणि या सभासदांची सही पानावर तिसरी आहे. त्याच संध्याकाळी हे सभासद माझ्या दारात आले. "सर, मी सभेला आलो होतो, तक्रारीला नव्हे," एवढेच बोलून परत गेले. नंतर वरच्या गल्लीतील ९ घरांनी मंडळातून बाहेर पडत असल्याचे लेखी कळवले.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. दिलेला अर्ज मागे घेतला तर खालच्या गल्लीवर अन्याय होतो, तसाच ठेवला तर ज्यांनी तक्रार केलीच नाही त्यांची नावे तिच्याखाली राहतात. यातून मार्ग कसा काढावा? सभेतील निर्णय सर्वांना मान्य व्हावा म्हणून तो कसा नोंदवावा? मंडळाची नोंदणी केल्याने काही फरक पडेल का? भाडेकरूंना मत द्यावे की नाही यावरही वाद आहे, आणि खालच्या गल्लीत निम्मी घरे भाडेकरूंचीच आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

अर्ज मागे घेऊ नका. त्याच्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन दुसरे पत्र द्या, जोडलेले पान केवळ उपस्थितीचे होते असे त्यात स्पष्ट लिहा, आणि खरोखर ज्यांची तक्रार आहे त्यांच्या नव्या सह्या अर्जाच्या मजकुराखालीच, त्याच कागदावर घ्या. शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. चर बुजल्याची तक्रार करायला मंडळ लागत नाही, पाणी शिरलेले एक घरही ती करू शकते. अर्जाचे काय झाले हे विचारण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही नागरिक म्हणून स्वतःच्या नावानेच करावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

प्रोसिडिंग वहीत हजेरी आणि ठराव यांची पाने वेगळी ठेवा. ठराव सभेतच लिहून मोठ्याने वाचा, सूचक आणि अनुमोदक यांची नावे घाला, विरोध असेल तर तोही नावासह नोंदवा. विरोध नोंदवला गेला की माणूस सहसा सभा सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

नोंदणीची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली ७ माणसे पुरतात, परंतु आपल्याकडे त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. मग दरवर्षीचे हिशेब आले, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) देणे आले. वर्गणीचा पेटीहिशेब सांभाळणाऱ्या मंडळाला हे ओझे झेपेल का, ते आधी पाहा.

भाडेकरूंबाबत माझे मत स्पष्ट आहे. २००९ च्या दुरुस्तीने महानगरपालिका अधिनियमात क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातील एकेका भागातल्या मतदारांची सभा, आली. तिच्यात बसण्याचा हक्क मतदारयादीतील नावावरून ठरतो, घराच्या मालकीवरून नाही. पाणी ज्याच्या चुलीपर्यंत येते त्याला आपल्या मंडपात मत नसावे, हे मला पटत नाही. आणि वरच्या गल्लीला एवढेच विचारा की २०१९ मध्ये उपसा केंद्रे पाण्याखाली गेली तेव्हा टँकरच्या रांगेत कोण कोण उभे होते.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. टँकरचा मुद्दा सभेत काढणार नाही. तो खरा आहे, पण सध्या माझ्या तोंडी शोभणार नाही.

दुसऱ्या पत्राचा मसुदा घेऊन काल त्या ज्येष्ठ सभासदांकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, 'नजरचुकीने' या शब्दाखाली रेघ मारली आणि "इथे 'माझ्या चुकीने' असे लिहा," म्हणाले. तसे लिहून आज पत्र दिले आणि पोच घेतली. खालच्या गल्लीतील ११ घरांनी मजकुराखाली सह्या केल्या आहेत, त्यांत ५ भाडेकरू आहेत. रविवारच्या सभेच्या सूचनेवर एकच विषय ठेवला आहे : चर कोठून मोकळी करावी. प्लॉटमालकांनाही सूचना दिली असून, येतो असे त्यांनी कळवले आहे.