स्क्वाँक मॉडवर जुना आरडीए बसवायचा आहे : मधल्या पिनला भोक पाडावे की पिनच बदलावी?

लेस्टरवासी :

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो. सिगारेट सोडण्यासाठी वेपकडे (ई-सिगारेटकडे) वळलो तेव्हा एकदा वापरून टाकून द्यायची साधने वापरत होतो. 1 जून 2025 पासून इथे त्यांची विक्री बंद झाली, म्हणून स्वतः कॉइल (तापणाऱ्या तारेचे वेटोळे) गुंडाळून कापूस भरायचा मार्ग धरला आणि आता त्याची मनापासून गोडी लागली आहे. नुकताच एका परिचितांकडून एका 18650 आकाराच्या बॅटरीवर चालणारा मेकॅनिकल स्क्वाँक मॉड, म्हणजे बॅटरी व लिक्विडची दाबायची शिशी असलेला, सर्किट नसलेला वेपचा खालचा भाग मिळाला. त्यातली शिशी दाबली की लिक्विड नळीतून वर चढून ॲटोमायझरच्या (वाफ करणाऱ्या वरच्या भागाच्या) तळातून डेकवर, म्हणजे कॉइल बसवायच्या तबकडीवर येते, हे तत्त्व मला समजले आहे. माझ्याकडचा 22 मिलिमीटरचा जुना आरडीए (कॉइल स्वतः बसवायचा ॲटोमायझर) मात्र वरून थेंब टाकून वापरायचा आहे आणि त्याची 510 जोडणीतली, म्हणजे मॉडवर बसणाऱ्या आट्यांच्या जोडणीतली मधली पिन भरीव आहे.

पिन सोडवून पाहिली. ती पितळेची, साधारण 3 मिलिमीटर जाडीची असून तळातून इन्सुलेटरमधून वर जाते आणि धन पोस्टला (कॉइलचे टोक धरणाऱ्या खांबाला) घट्ट धरून ठेवते. तिला आरपार भोक पाडले तर काम भागेल का? भोक किती मोठे असावे? लिक्विड नेमके कुठे बाहेर पडायला हवे? हवेची छिद्रे टोपीच्या बाजूला, बरीच खाली आहेत, त्यामुळे गळतीचीही धास्ती वाटते.

लेथवाला :

आपण पिन सोडवून पाहिलीत हे उत्तम केलेत, कारण निर्णय तिच्या जाडीवर आणि धातूवर अवलंबून असतो. 3 मिलिमीटरच्या स्क्रूला आटे वजा जाता सुमारे 2.4 मिलिमीटरचा गाभा उरतो. त्यात मधोमध 1.2 मिलिमीटरचे भोक पाडले तरी चहूबाजूंनी सुमारे 0.6 मिलिमीटर भिंत शिल्लक राहते आणि तेवढी पुरते. हीच पिन 2 मिलिमीटरची असती तर 1 मिलिमीटरच्या भोकानंतर भिंत जेमतेम पाव मिलिमीटर उरली असती, आणि अशी पिन आवळताना आट्यांपाशी तुटते. त्या स्थितीत मी ड्रिल हातातही घेऊ दिले नसते.

पितळ ड्रिलला सहज कापले जाते, परंतु भोक केंद्रातून सरकले की सगळे श्रम वाया जातात. पिन दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये शिकंजात उभी धरावी, म्हणजे आटे चेपत नाहीत. डोक्याच्या मध्यावर पंचाची बारीक खूण करावी आणि हातचकात ड्रिल लावून हलक्या हाताने, वरचेवर बाहेर काढून कीस झटकत पुढे जावे. अर्धे अंतर एका बाजूने व अर्धे दुसऱ्या बाजूने गेल्यास तिरपेपणा कमी राहतो. विजेचे हातड्रिल या कामाला नको, कारण 1.2 मिलिमीटरची सळी किंचित कलली तरी मोडते आणि मोडलेला तुकडा पिनेतच अडकून बसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पिनेला आरपार भोक पडले म्हणजे लिक्विड डेकवर पोहोचले, असे होत नाही. पिनेचे वरचे टोक पोस्टच्या पोटात संपते आणि पोस्ट भरीव आहे. म्हणून पोस्टच्या बुडाशी आडवे भोक पाडून ते पिनेच्या भोकाला मिळवावे लागते. हे आडवे तोंड इन्सुलेटरच्या वर, पण डेकच्या तळाला शक्य तितके लगत हवे. ते उंचावर पडले तर शिशी दाबताच लिक्विडची चिळकांडी थेट कॉइलवर उडते आणि शिशी सोडल्यावर तळात साचलेले लिक्विड परत खाली जाऊ शकत नाही. स्क्वाँकमध्ये लिक्विड वर चढण्याइतकेच त्याचे परत उतरणे महत्त्वाचे आहे; बहुतेक गळती या परतीच्या वाटेतच जन्माला येते.

इन्सुलेटर काढून ठेवल्याशिवाय ड्रिल फिरवू नये. काम संपल्यावर भोकाच्या कडा साफ कराव्यात, सर्व भाग गरम पाण्यात साबणाने धुवावेत आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवावेत. पितळेचा कीस श्वासात जाणे किंवा इन्सुलेटरपाशी अडकणे, दोन्ही घातक आहे.

थेम्सकाठी :

लेथवाला यांचे सर्व म्हणणे मला मान्य आहे, तरीही माझा सल्ला वेगळा आहे. आपल्या आरडीएच्या उत्पादकाकडे स्क्वाँकसाठीची पोकळ पिन मिळत असेल तर तीच घ्यावी. तिची किंमत फार नसते आणि लांबी मूळ बेताची असते. मेकॅनिकल मॉडमध्ये लांबीच्या प्रश्नाकडे मी सर्वात आधी पाहतो. त्यात शॉर्ट सर्किट ओळखणारे किंवा प्रवाह थोपवणारे कोणतेही सर्किट नाही; बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये फक्त बटण आहे.

आरडीए मॉडवर बसवण्याआधी आडवा धरून पाहा. मधली पिन बाहेरच्या आट्यांच्या कडेपेक्षा स्पष्ट पुढे आलेली दिसली पाहिजे. ती कडेशी समतल झाली असेल, तर काही मॉडमध्ये धन संपर्काची पट्टी बाहेरच्या ऋण आट्यांना टेकू शकते आणि सरळ शॉर्ट होतो. पिनेचे डोके घासून गुळगुळीत करण्याच्या नादात ही उंची हरवते, म्हणून डोक्याला कानस लावू नये.

त्यानंतर मल्टीमीटर घ्यावा. कॉइल न लावता मधली पिन आणि बाहेरचे आटे यांच्यात मोजल्यास जोडणी अजिबात दिसता कामा नये. काही ओहम दिसत असतील तर कुठेतरी कीस अडकला आहे किंवा इन्सुलेटर खरवडला आहे. कॉइल लावल्यावर तिचाच रोध दिसायला हवा, आणि आरडीए हलवला तरी आकडा स्थिर राहिला पाहिजे.

पहिल्या कॉइलसाठी 26 गेजची कँथल (रोधक मिश्रधातूची) तार, 3 मिलिमीटर अंतर्व्यास आणि सात वेढे घ्या. रोध सुमारे 0.95 ओहम येईल. पूर्ण भरलेल्या 4.2 व्होल्टच्या बॅटरीवर हा साधारण 4.4 अँपिअर आणि 18 ते 19 वॅटचा हिशोब होतो, जो चांगल्या 18650 ला सहज पेलतो. याउलट 0.2 ओहमला 21 अँपिअर लागतात, म्हणजे सतत 20 अँपिअर देणाऱ्या उत्तम बॅटरीचीही मर्यादा ओलांडली जाते. बॅटरीचे वेष्टण कुठेही फाटलेले असेल तर ती बदलल्याशिवाय मॉड वापरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कापूसकोंडी :

गळतीबद्दल थोडे लिहितो, कारण खाली छिद्रे असलेला आरडीए स्क्वाँकवर चालतच नाही, असा समज फार पसरला आहे. तो चालतो, पण डेकमध्ये लिक्विड साठवायचे नसते. कापसाची दोन्ही टोके डेकच्या तळाला टेकतील एवढीच ठेवावीत. त्यांनी पोस्टच्या बुडाशी पाडलेले तोंड झाकले तर परतीची वाट बुजते. शिशी हळू दाबावी, कापूस भिजला की हळूच सोडावी, आणि ती पूर्ण फुगेपर्यंत झुरका घेऊ नये.

शिशीतली नळी तळापर्यंत पोहोचणारी, पण टोकाला तिरपी कापलेली असावी. सरळ कापलेले टोक तळाला चिकटून बसते आणि शिशी दाबूनही वर काहीच येत नाही. दाट लिक्विड असेल, म्हणजे त्यात ग्लिसरिनचे प्रमाण जास्त असेल, तर थंडीत ते 1.2 मिलिमीटरच्या भोकातून रेंगाळत परत जाते. अशा वेळी मॉड थोडा वेळ खिशात ठेवल्याने फरक पडतो. टोपीवर समोरासमोर दोन छिद्रे असतील आणि आपण एकच कॉइल बसवणार असाल, तर कॉइलच्या विरुद्ध बाजूचे छिद्र बंद करा.

लेस्टरवासी :

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. पोकळ पिन एका दुकानात मिळाली असून मागवली आहे. पोस्टचे आडवे भोक मात्र लेथवाला यांच्या पद्धतीने करीन. दोन शंका उरल्या. दुकानातल्या चित्रात पिनेच्या डोक्यावर पेचकसासाठी आडवी खाच दिसते. त्या खाचेतून लिक्विड बाजूला पसरणार नाही का? आणि गणपतीत पुण्याला जाणार आहे, तेव्हा हा मॉड सोबत नेता येईल का?

थेम्सकाठी :

मॉड घरीच ठेवा. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. आयातीसारख्या पहिल्या गुन्ह्यासाठीही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सुटे भाग म्हणून पिशवीत नेण्याचा विचारही करू नये.

लेथवाला :

खाचेची शंका अगदी रास्त आहे. पिनेचे डोके मॉडमधल्या संपर्काच्या पोकळ तोंडावर बसते आणि खाच त्या तोंडाच्या कडेबाहेर जात असल्याने दाबलेले लिक्विड दोन्ही टोकांतून 510 च्या वाटीत उतरते. शिशी सोडल्यावर त्याच फटीतून हवा आत येते, म्हणून डेकवरचे लिक्विडही नीट परत ओढले जात नाही. षटकोनी चावीने आवळायची पिन मिळत असेल तर दुकानदाराला ती पाठवायला सांगा, कारण तिच्या डोक्याची कड अखंड असते. खाचेचीच घ्यावी लागली तर संपर्काभोवती बसणारी सिलिकॉनची बारीक कडी घाला. मात्र कडी पिनेच्या डोक्यापेक्षा उंच नको, नाहीतर धातूला धातू नीट टेकत नाही, जोडणीतच व्होल्टेज पडते आणि बटणाखालचा भाग तापू लागतो. आरडीए आवळल्यावर पुन्हा सोडवून पाहा: डोक्यावर संपर्काचा गोल ठसा पूर्ण उमटला असेल तर कडी योग्य जाडीची आहे.