प्रवाळांच्या टाकीसाठी एलईडी दिवा निवडताना आलेले अनुभव

धागाकर्ता, ठाणे

माळ्यावरची आवराआवर करताना जुना मेटल हॅलाइड दिवा आणि त्याचा जड चोक हाती लागला आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीची पहिली वर्षे आठवली. २५० वॅटचा तो दिवा रोज आठ तास चालवला की दोन युनिट वीज जात असे, म्हणजे महिन्याला साठ. शिवाय त्याच्या उष्णतेने पाणी तापे आणि एप्रिल-मे महिन्यांत ते २६ अंशांच्या आसपास राखण्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, जवळजवळ अखंड चालवावा लागे. आता त्याच टाकीचे काम शंभर वॅटच्या एलईडीत भागते. एलईडीही तापतात, पण त्यांची उष्णता मागच्या हीट सिंकमधून हवेत जाते, पाण्यात फारशी उतरत नाही.

निवड मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. मेटल हॅलाइड घेताना वॅट आणि केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) या दोन आकड्यांवर भागत असे. एलईडीच्या खोक्यावरच्या वॅटवरून प्रवाळाला किती प्रकाश मिळेल ते कळत नाही, कारण ते तरंगलांबीवर, लेन्सच्या कोनावर आणि दिवा पाण्यापासून किती उंच टांगला आहे यावर ठरते. माझे मत असे आहे की आधी प्रवाळ ठरवावे, मग टाकीची खोली मोजावी आणि दिव्याकडे सर्वांत शेवटी वळावे. दुकानांत बहुधा याच्या उलट क्रमाने सांगितले जाते. ज्यांनी घरी अशी टाकी सांभाळली आहे त्यांनी आपले अनुभव मापांसह लिहावेत.

डोंबिवलीहून

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल आहे. तिच्यात झोआ, मश्रूम आणि लेदर एवढीच मऊ प्रवाळे आहेत. मध्यभागी एकच मोठा दिवा टांगावा असे मला सुचवले गेले होते. त्याऐवजी मी कमी शक्तीचे दोन दिवे घेतले आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. एकाच दिव्याखाली मधला खडक लख्ख उजळतो, दोन्ही टोके अंधारी राहतात आणि दगडांच्या सावल्या इतक्या गडद पडतात की त्यांच्या आडोशाला काही लावताच येत नाही. प्रकाश दोन ठिकाणांहून आला की एका दिव्याची सावली दुसरा भरून काढतो. ६० अंशांच्या लेन्सचा प्रकाश खोलवर पोहोचतो पण अरुंद राहतो, त्यामुळे एवढ्या उथळ टाकीला १२० अंशांची लेन्स पुरेशी आहे.

पुण्याहून

मोजणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, तर प्रवाळाच्या पेशींत राहणारे झूझँथेली हे एकपेशीय शैवाल ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश उत्तम शोषते. म्हणून निळा दिवा आपल्याला मंद वाटत असतानाच प्रवाळावर त्याचा मारा जबर होत असतो. फोनमधले लक्स मोजणारे ॲपही आपल्या डोळ्याच्याच संवेदनशीलतेवर बेतलेले असल्याने निळ्या दिव्याखाली त्याचा आकडा भरवशाचा नसतो.

खरे माप 'पार' हे आहे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी असा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) पडतो, हे त्यातून कळते. मश्रूमला ५० ते १०० पुरते, तर झोआ आणि लेदर १०० ते १५० मध्ये चांगली वाढतात. यापुढे जाऊन प्रकाश वाढवला तर वाढही तेवढीच होईल असे नाही. एका मर्यादेनंतर शैवाल तो वापरू शकत नाही, त्याचा ताण पडतो आणि प्रवाळ विरंजित होऊन पांढरे पडते. आमच्या ओळखीतल्या काही जणांनी वर्गणी काढून ॲपोजी कंपनीचे एमक्यू-५१० हे पार मोजणारे मीटर घेतले आहे आणि ते आळीपाळीने सर्वांकडे फिरते.

वसईहून

ताई, मीटर पाण्यात बुडवून मोजायचे की पृष्ठभागावर धरायचे?

पुण्याहून

बुडवूनच, आणि प्रवाळ जिथे बसवायचे आहे नेमके तिथे. पंपाच्या लाटांमुळे आकडा सतत हलतो, म्हणून काही सेकंद थांबून सरासरी धरावी.

मालवणहून

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या जिवांच्या यादीत, २००१ मध्ये चुनखडीचा सांगाडा रचणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सर्व समुद्रपंखे घातली गेली. याचा दिव्याशी थेट संबंध आहे. परदेशी मार्गदर्शक लेखांत ३०० च्या वर पार लागतो असे जे सांगितलेले असते ते मुख्यतः ॲक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांसाठी असते आणि ती आपल्या समुद्रातून काढून आपल्या टाकीत येताच कामा नयेत. झोआ आणि मश्रूम त्या यादीत नाहीत, आणि त्यांना तेवढ्या शक्तीच्या महाग दिव्याची गरजही नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात आम्ही ओहोटीला प्रवाळ पाहतो, ते पाहण्यापुरतेच असावे, ही माझी सर्वांना मनापासून विनंती आहे.

नाशिकहून

मालवणकरांशी पूर्ण सहमत आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून एक भर घालतो. निळ्या दिव्याखाली मश्रूम लाल-हिरवे चमकते ते दिव्याच्या रंगामुळे नव्हे. त्याच्या ऊतींतील प्रथिने निळा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. प्रयोगशाळांत आज सर्रास वापरले जाणारे डीएसरेड हे लाल प्रथिन १९९९ मध्ये डिस्कोसोमा या मश्रूममधूनच वर्णिले गेले. तेव्हा दिवा घेताना ४५० नॅनोमीटरच्या रॉयल ब्लू या गडद निळ्या रंगाचा स्वतंत्र चॅनल (वेगळा कमी-जास्त करता येणारा एलईडींचा गट) आहे ना, हे अवश्य पाहावे. लाल आणि हिरव्या चॅनलची फारशी गरज नसते, कारण समुद्रातही लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो.

न्यू जर्सीहून

इथे फार्मवर वाढवलेली ॲक्रोपोरा रीतसर मिळतात, म्हणून माझ्या टाकीत वरच्या खडकावर ३०० च्या आसपास पार ठेवावा लागतो. एवढा प्रकाश देताना बिंदूसारख्या एलईडींमुळे फांद्यांच्या खालच्या बाजू अंधारात राहतात. त्यासाठी मी एलईडीच्या दोन्ही बाजूंना टी-फाइव्हच्या (बारीक ट्यूबलाइटच्या) नळ्या लावल्या आणि फांद्या खालूनही रंगल्या. दिवा बदलताना मात्र धीर हवा. नवा एलईडी पूर्ण क्षमतेच्या २५ ते ३० टक्क्यांवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

भारतातले नातलग अमेरिकेतून दिवा मागवतात म्हणून लिहितो: ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले असेल तरच तो २३० व्होल्टवर लावावा. केवळ ११० किंवा १२० छापलेले असेल तर पाठवणाऱ्याला आधीच नाही म्हणावे.

नागपूरहून

आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते, म्हणून मी दिव्याची वेळ दुपारऐवजी संध्याकाळी चार ते रात्री बारा अशी ठेवली आहे. प्रवाळाला घड्याळ कोणते आहे याने फरक पडत नाही, त्याला रोज ठरावीक आठ-नऊ तास मिळाले की पुरते. दिव्याचा पंखा हा त्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. खारे तुषार आत जाऊन पात्यांवर मीठ चढते, पंखा मंदावतो आणि एलईडी तापून लवकर क्षीण होतात. आमच्या भागात ज्या दुकानातून दिवा घेतला तिथे सुटा पंखा मिळू शकला नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वीच सुटे भाग मिळतात का हे विचारून घ्यावे.

वसईहून

तुमचे मे महिन्याचे तापमान वाचूनच काळजी वाटली, दादा. माझी टाकी दोन फुटांची आहे आणि झोआ आखडून राहतात. दिवा वर घेऊ की टक्केवारी कमी करू?

धागाकर्ता, ठाणे

आधी टक्केवारी कमी करा, कारण दिवा वर घेतला की पसारा वाढून बराच प्रकाश काचेबाहेर, थेट तुमच्या डोळ्यांवर येतो. आठवडाभरात झोआ उघडल्या नाहीत तर खडक खाली सरकवा. तसे करताना हातमोजे घाला, कारण काही झोआंत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. दिव्याची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मगच वर न्या, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरणार नाही, आणि त्या सॉकेटला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या. पुण्याचे मीटर पुढच्या महिन्यात माझ्याकडे येणार आहे, तेव्हा ते घेऊन वसईला येतो.