कोजागिरीला दिलेली कॅसेट

अ-३०२ : सर्वांना नमस्कार. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर वाजवण्यासाठी मी दिलेली कॅसेट एप्रिल उजाडला तरी परत आलेली नाही. आपल्याच नागपुरातल्या पाच मुलांनी पदरचे पैसे घालून काढलेली ती कॅसेट मला १९९२ साली सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाली होती, आणि तिची दुसरी प्रत मी आजवर पाहिलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आजच कळवावे.

सचिव : काका, सभागृहाच्या कपाटात असेल. संध्याकाळी पाहतो.

ब-१०४ : ते कपाट मार्चमध्येच रिकामे झाले आणि सामान माळ्यावर गेले, असे आपणच कळवले होते.

अ-३०२ : माळ्यावर? वरचा स्लॅब दिवसभर तापतो, पारा ४५ अंशांकडे निघाला आहे. त्या उष्णतेने कॅसेटचे कवच वाकडे होते आणि फीत आत घासू लागते. संध्याकाळची वाट पाहू नये, ही विनंती.

क-४०१ : काका, मिळाल्यावर लगेच वाजवू नका. आधी संगणकावर उतरवून घेऊ.

ब-२०३ : एका कॅसेटसाठी सकाळपासून एवढे संदेश? ही गाणी यूट्यूबवर असतीलच.

अ-३०२ : नाहीत. मी अनेक वर्षे शोधतो आहे. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात पेटीचा भाता ओढल्याचा आवाज ऐकू येतो, मग ढोलकी थांबते आणि गाणारा मुलगा आपल्या घरात बोलतात तशा बोलीत, शब्द जराही न सुधारता, मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, वाट पाहणाऱ्या संत्र्याच्या बागेबद्दल गातो. माझ्या वडिलांची बाग गेली त्या वर्षी मी ते गाणे रोज ऐकत होतो.

ब-१०४ : पहिल्या बाजूला त्यांनी तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीतली आरोळी घेतली आहे, ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’. माझे माहेर इतवारीचे. कोजागिरीला ते ऐकताना मला तान्ह्या पोळ्याची सकाळ आठवली.

ड-१०२ : त्या रात्री पावणेअकरापर्यंत वाजत होते, हेही आठवावे. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे.

ब-२०३ : तेव्हा मसाला दूध घ्यायला आपणही गच्चीवर होतात.

ड-१०२ : मी तक्रार करायलाच वर आलो होतो.

क-४०१ : पुन्हा लिहितो, मिळाल्यावर वाजवू नका. आधी उतरवून घेऊ.

सचिव : सापडली. कूलरमध्ये पाण्याने भिजवतात त्या गवताच्या जुन्या ताट्यांच्या खोक्यात होती. डबी शाबूत आहे, पण फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. काका, चूक माझी आहे, क्षमा असावी.

अ-३०२ : ताट्या ओल्या असतानाच बांधून ठेवल्या असणार. ही बुरशी आहे. मला फार वाईट वाटले, एवढेच लिहितो.

क-४०१ : बोटाने पुसू नका. बुरशी फितीवरून डेकच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. फीत आधी कोरड्या जागी ठेवू, मग पेन्सिलीने हळूहळू फिरवून घेऊ आणि हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसू. ६० मिनिटांची कॅसेट आहे, म्हणजे उतरवायला तासभर शांत बसावे लागेल.

ब-२०३ : उतरवल्यावर इथेच टाका, म्हणजे सगळ्यांकडे राहील.

अ-३०२ : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. त्या पाचांपैकी कोणी भेटेपर्यंत मी ती कुठेही पाठवणार नाही. ज्यांना ऐकायची असेल त्यांनी माझ्याकडे यावे. चहा मी करीन.

ड-१०२ : माझ्या वडिलांचा डेक आहे. पट्टा सैल झाला आहे, तो बदलून शनिवारी आणून देतो. कार्यक्रम मात्र दहाच्या आत संपावा.

क-४०१ : तोपर्यंत कृपया कोणीही वाजवू नका.