ठरावाला असलेला विरोध इंग्रजीत नोंदवताना ‘डिसेंट’ हा शब्द कसा वापरावा?

प्रश्न : शहापूर, बेळगाव

नमस्कार. मी बेळगावातील एका मल्टिस्टेट पतसंस्थेत सभांचे प्रोसिडिंग लिहिण्याचे काम पाहतो. आमचे सभासद खानापूर, निपाणी या भागांत आहेत, तसेच चंदगड आणि गडहिंग्लजकडेही आहेत. सभेतील चर्चा बहुतांशी मराठीत होते, काही संचालक कन्नडमध्ये बोलतात, आणि केंद्रीय निबंधकांशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत असल्यामुळे प्रोसिडिंगचा इंग्रजी मसुदाही मलाच तयार करावा लागतो. गेल्या सभेत शाखेसाठी जागा खरेदी करण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. दोन संचालक विरोधात होते आणि आपला विरोध नावानिशी नोंदवावा, असा त्यांनी आग्रह धरला. मसुद्यात ‘डिसेंट टू द रिझोल्यूशन’ असे शब्द आहेत. एका संचालकांच्या मते तेथे ‘ऑब्जेक्शन’ हवे, तर दुसऱ्यांना ‘प्रोटेस्ट’ हा शब्द अधिक ठाम वाटतो. या तीन शब्दांत नेमका फरक काय आणि ‘डिसेंट’पुढे कोणते प्रिपोझिशन येते, हे कोणी सविस्तर सांगेल का? दोघांनी विचारपूर्वक विरोध केला आहे आणि तो कागदावर नीट उतरावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर १ : निवृत्त इंग्रजी शिक्षक, खानापूर

आधी प्रिपोझिशनचे पाहू. ‘डिसेंट’पुढे ‘फ्रॉम’ येते : ‘दे डिसेंटेड फ्रॉम द रिझोल्यूशन’. ‘टू’ लिहिणे चुकीचे आहे. आपल्या भागात ही चूक वारंवार दिसते आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. मराठीत आपण ‘ठरावाला विरोध’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘निर्णयक्के विरोध’ म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांत चतुर्थीचाच प्रत्यय असतो आणि त्याचे इंग्रजी रूप म्हणून हात आपोआप ‘टू’कडे वळतो. त्यात ‘कन्सेंट टू’ आणि ‘असेंट टू’ हे प्रयोग आपल्या कानावर असतात. हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत, परंतु संमती एखाद्या गोष्टीकडे जाते आणि असहमती तिच्यापासून दूर होते, त्यामुळे पहिल्या दोहोंना ‘टू’ आणि तिसऱ्याला ‘फ्रॉम’ जोडले जाते.

इतर शब्दांचेही असेच ठरलेले आहे. ‘डिसअग्री’पुढे ‘विथ’ येते. ‘प्रोटेस्ट’पुढे ‘अगेन्स्ट’ लिहावे. अमेरिकी इंग्रजीत ते गाळतात, पण आपण ठेवलेले बरे. ‘ऑब्जेक्ट’पुढे ‘टू’ येते, मात्र त्यानंतर क्रियापद आल्यास ते ‘आयएनजी’ लावून लिहावे लागते. तुमच्याच विषयातील उदाहरण घ्यायचे तर ‘ही ऑब्जेक्टेड टू बाइंग द प्लॉट’ हे बरोबर आहे आणि ‘टू बाय द प्लॉट’ हे चूक आहे. येथे ‘टू’ हे प्रिपोझिशन आहे, क्रियापदाच्या मूळ रूपाचा भाग नव्हे, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगत असे, आणि तरीही सुशिक्षितांच्या अर्जांत ही चूक सापडतेच.

स्पेलिंगकडेही लक्ष द्यावे. असहमतीच्या ‘डिसेंट’मध्ये दोन ‘एस’ असतात. एक ‘एस’ आणि पुढे ‘सी’ लिहिल्यास तो उतरण किंवा वंश या अर्थाचा वेगळाच शब्द होतो. उच्चार सारखाच असल्यामुळे नुसते ऐकून टाइप करणाऱ्याला हा फरक कळत नाही आणि संगणकाची तपासणीही तो पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

उत्तर २ : वकील, निपाणी

व्याकरण वर नीट आले आहे. मी वापराबद्दल लिहितो. कंपनी कायदा, २०१३ तुमच्या संस्थेला लागू नाही, तरी त्याची शब्दयोजना नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. संचालक मंडळाच्या सभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाशी ‘डिसेंटिंग फ्रॉम, ऑर नॉट कन्करिंग विथ’ असणाऱ्या संचालकांची नावे लिहावीत, असे त्याचे कलम ११८ सांगते. तेथे ‘फ्रॉम’ तर आहेच, शिवाय विरोध करणारा आणि केवळ सहमत न झालेला, असे दोन प्रकार वेगळे मोजले आहेत. तुमच्या सभेत कोणी तटस्थ राहिले असेल, तर त्याचे नाव ‘डिसेंट’खाली घालू नये.

आता फरक. ‘ऑब्जेक्शन’ म्हणजे हरकत. ती सहसा निर्णयाआधी घेतली जाते आणि तिच्यावर कोणीतरी निवाडा द्यायचा असतो : नोटीस वेळेत मिळाली नाही, गणपूर्ती नाही, विषय विषयपत्रिकेवर नाही. अशी हरकत चेअरमन मान्य करतात किंवा फेटाळतात. ‘डिसेंट’ ही निर्णयाच्या वेळी, निर्णय घेणाऱ्यांपैकीच अल्पमतात असलेल्याने नोंदवलेली असहमती असते. तिच्यावर निवाडा नसतो, तिची फक्त नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बहुमतानेच होतो, परंतु सहमत नसलेल्या न्यायमूर्तींना ‘डिसेंटिंग जजमेंट ऑर ओपिनियन’ देण्यास आडकाठी नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद १४५ मध्ये म्हटले आहे. आणीबाणीतील स्थानबद्धांच्या हक्कांविषयीच्या १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात पाचांपैकी एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी दिलेले निकालपत्र ‘डिसेंट’ म्हणून ओळखले जाते ते याच अर्थाने.

आपल्या सीमाभागातील माणसाला हा भेद जवळच्या उदाहरणांवरून चटकन कळावा. राज्य पुनर्रचना आयोग तीन सदस्यांचा होता. १९५५ च्या त्याच्या अहवालाला सरदार पणिक्कर यांनी उत्तर प्रदेशाविषयी आणि न्या. फजल अली यांनी हिमाचल प्रदेशाविषयी स्वतंत्र टिपण जोडले. ते आयोगाचे सदस्यच होते, म्हणून त्यांची ती असहमती ‘डिसेंट’ ठरते. सीमाप्रश्नासाठी १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग मात्र एकसदस्यीय होता, त्यामुळे त्याच्या अहवालात ‘डिसेंट’ला जागाच नव्हती. १९६७ मध्ये अहवाल आल्यावर महाराष्ट्राने त्याला विरोध केला आणि तो नाकारला. तेथे ‘ऑब्जेक्टेड टू’ किंवा ‘रिजेक्टेड’ हेच शब्द योग्य आहेत, कारण महाराष्ट्र हा आयोगाचा घटक नव्हता. इंग्रजी निवेदनांतून आपली माणसे या ठिकाणी ‘डिसेंट’ लिहितात. त्याने आपलीच बाजू वाचणाऱ्याला अस्पष्ट दिसते, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

‘प्रोटेस्ट’बद्दल सावध राहावे. त्या शब्दात निषेध आहेच, पण ‘अंडर प्रोटेस्ट’ या प्रयोगाला कायद्यात निश्चित परिणाम आहे : कृती करायची, परंतु हक्क सोडलेला नाही हे त्याच वेळी लिहून ठेवायचे. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असले पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ नुसार, रक्कम अपुरी असल्याचा निषेध नोंदवून ती स्वीकारता येत असे, आणि निषेध न नोंदवता ती घेतली तर वाढीव भरपाईसाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करण्याचा हक्क राहत नसे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातही ही तरतूद कायम आहे. त्या दोन शब्दांवर एखाद्या कुटुंबाची भरपाई अवलंबून असते. तुमच्या ठरावात मात्र असे काही घडलेले नाही, तेव्हा ठामपणा दिसावा एवढ्यासाठी ‘प्रोटेस्ट’ लिहू नये.

उत्तर ३ : लेखापरीक्षक, चिकोडी

‘सम डायरेक्टर्स डिसेंटेड’ असे मोघम लिहू नका. पुढे प्रश्न उद्भवला, तर कोण विरोधात होते हे प्रोसिडिंग बुकावरूनच पाहिले जाते. नाव लिहा आणि कारण एका वाक्यात द्या : मूल्यांकन मागवले नव्हते, किंवा किंमत अधिक वाटली, जे काही असेल ते. विशेषणे टाळा. विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीच्या अहवालाला जोडायची असहमती संयत आणि सभ्य भाषेत असावी आणि तिने समितीवर दोषारोप करू नये, असा लोकसभेच्या कार्यपद्धतीत नियमच आहे. पतसंस्थेनेही तो पाळावा असे मला वाटते.

प्रश्नकर्ता : शहापूर, बेळगाव

तिघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे तटस्थ कोणी नव्हते. आता मसुदा असा केला आहे : दोघांची नावे, त्यानंतर ‘डिसेंटेड फ्रॉम द रिझोल्यूशन ऑन द ग्राउंड दॅट नो व्हॅल्युएशन रिपोर्ट हॅड बीन ऑब्टेन्ड, अँड आस्क्ड दॅट देअर डिसेंट बी रेकॉर्डेड’. दोन संचालक आहेत, म्हणून शेवटी ‘डिसेंट्स’ करावे का?

उत्तर ४ : निवृत्त इंग्रजी शिक्षक, खानापूर

नको. असहमती या अर्थाने हा शब्द एकवचनीच राहतो. अनेकवचन वापरतात ते न्यायमूर्तींच्या स्वतंत्र निकालपत्रांसाठी. ‘रेकॉर्डेड’च्या आधी ‘बी’ ठेवले आहे तेही बरोबर आहे, टाइप करताना कोणी ते ‘इज’ करणार नाही एवढे पाहा. दोघांना आपले म्हणणे सविस्तर लिहून द्यायचे असेल, तर त्या स्वतंत्र कागदाला ‘नोट ऑफ डिसेंट’ असे शीर्षक द्यावे, त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद जोडल्याचा उल्लेख याच वाक्यानंतर करावा.