अ‍ॅस्बेस्टॉस काढण्यासाठी घर सोडायचे आहे : परत कधी यायचे, हे कशावरून ठरवावे?

नमस्कार.

आमच्या घराच्या जुन्या भागात गरम पाण्याच्या नळांभोवती असलेले पांढरट आवरण आणि त्याच खोलीच्या छताला ठोकलेले तक्ते या दोन्हींत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) असल्याचे प्रयोगशाळेच्या अहवालावरून नुकतेच कळले. तक्त्यांमध्ये ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेले आहे आणि तक्ते शाबूत असल्यामुळे त्यांना हात न लावता तसेच राहू दिले असते. नळांवरचे आवरण मात्र बोटाने दाबले तरी भुगा होईल इतके ठिसूळ झाले आहे आणि त्यात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसबरोबर तपकिरीही, म्हणजे क्रायसोटाइलबरोबर अमोसाइटही, सापडले आहे. ते काढणे भागच आहे, म्हणून दोन्ही कामे एकदमच करून घेण्याचे आम्ही ठरवले.

घरात आम्ही दोघे, सासूबाई, सासरे आणि साडेतीन वर्षांची मुलगी असे पाच जण राहतो. सासऱ्यांना दमा आहे. राहण्याची सोय नणंदेकडे झाली आहे, त्यामुळे कुठे जायचे हा माझा प्रश्न नाही. कंत्राटदार म्हणतात की काम तीन दिवसांचे आहे, चौथ्या दिवशी परत या. आणि जायचे नसेल तर मध्ये प्लास्टिकचा पडदा लावून देतो, पलीकडच्या खोल्यांत राहिलात तरी चालेल. हे मला पटलेले नाही. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, आणि ते हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. मग चौथ्या दिवशी खोली स्वच्छ दिसली, एवढ्यावरून मी मुलीला त्या फरशीवर खेळायला कसे सोडावे? परत येण्याचा दिवस कोणी आणि कोणत्या तपासणीवरून ठरवायचा, हे मला नेमके समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न सामानाचा आहे. त्या खोलीत लाकडी कपाट, दोन गाद्या, पडदे आणि मुलीची कापडी खेळणी आहेत. यांतले काय सोबत न्यावे, काय तिथेच ठेवावे आणि काय टाकून द्यावे?

तिसरी गोष्ट लिहिताना मला अपराधी वाटते. दोन वर्षांपूर्वी पाळणा टांगण्यासाठी आम्ही त्याच छताला भोके पाडली आणि पडलेला भुसा मी केरसुणीने झाडून काढला. तेव्हा मुलगी शेजारच्या खोलीत झोपलेली होती. तिची काही तपासणी आता करून घ्यावी का?

प्रतिसाद

ताई, अशा कामांनंतर हवेचे नमुने घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पडद्यापलीकडे राहण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्या. ठिसूळ आवरण काढताना ती खोली दुहेरी पॉलिथीनने बंदिस्त करून, आतली हवा हेपा गाळणीच्या (अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या) यंत्राने सतत बाहेर ओढली जायला हवी, म्हणजे आतला दाब कमी राहतो आणि कुठे फट राहिलीच तर हवा आत येते, बाहेर जात नाही. घरात वातानुकूलनाच्या नळ्या असतील, तर त्या बंद करून त्यांची तोंडेही सील करायला सांगा.

परतण्याचा दिवस कॅलेंडरवरून ठरत नाही. माल काढल्यावर हेपा व्हॅक्यूम आणि ओल्या फडक्याने सफाई होते, खोली कोरडी होऊ दिली जाते, मग कोपरे, नळांच्या मागची बाजू, चौकटींच्या फटी अशा जागा बारकाईने पाहिल्या जातात, आणि त्यानंतरच हवेचे नमुने घेतात. नमुने घेताना जमिनीवरून ब्रश फिरवून बसलेली धूळ मुद्दाम उठवावी लागते. हे केले नाही, तर शांत हवेचा आकडा फसवा निघतो. अनेक देशांत मान्य असलेली मर्यादा एक मिलिलिटर हवेत ०.०१ तंतू ही आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचे किंवा इतर तंतूही मोजले जातात. त्यामुळे आकडा जास्त आला आणि शंका राहिली, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने खात्री करून घेता येते. ही तपासणी करणारी व्यक्ती कंत्राटदाराची नसावी आणि तिचे पैसे तुम्ही थेट द्यावेत, याचा मी आग्रह धरतो. आकडा मर्यादेत आला नाही, तर पुन्हा सफाई आणि पुन्हा नमुने. म्हणून नणंदेकडे तीन दिवसांचे नव्हे, निदान दहा दिवसांचे सांगून ठेवा.

कपाटासारख्या गुळगुळीत वस्तू कंत्राटदाराची माणसे पुसून देऊ शकतात. गाद्या, पडदे आणि कापडी खेळणी नळांच्या जवळ असतील, तर ती झटकू नका आणि घरच्या यंत्रात धुऊ नका. दुहेरी पिशवीत बंद करून इतर अ‍ॅस्बेस्टॉसच्या कचऱ्याबरोबरच जाऊ द्या. खोलीबाहेरचे कपडे मात्र बिनधास्त न्या.

मुलीबद्दल : अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार श्वासातून किती तंतू किती काळ आत गेले यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात आणि ते उमटायला बहुधा काही दशके लागतात. सिमेंटच्या तक्त्याला पाडलेली दोन-चार भोके आणि वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्या कामगाराची अवस्था यांत फार मोठे अंतर आहे. आज एक्स-रे काढून काहीच दिसणार नाही. डॉक्टरांना सांगून तिच्या कागदपत्रांत नोंद करून ठेवा. सासरे धूम्रपान करत असतील, तर ते सोडवणे अधिक महत्त्वाचे, कारण त्याबरोबर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. सासरे धूम्रपान करत नाहीत. कंत्राटदारांना आजच लेखी कळवले आहे की हवेची तपासणी आम्ही वेगळ्या माणसाकडून करून घेऊ आणि तिचा अहवाल हाती आल्यावरच उरलेली रक्कम देऊ. त्यांनी ते मान्य केले आहे. खेळण्यांचा खोका नळाच्या अगदी खालीच होता, त्यामुळे तो आता कोणी उघडणार नाही. त्यात मुलीचा कापडी हत्ती आहे, आणि तो आपल्यासोबत येणार नाही हे तिला आज रात्री मलाच सांगायचे आहे.